प्रकाशाची गाळणी

(शहरातील दिव्यांच्या झगमगाटामुळे आकाशातील अंधूक वस्तू दिसेनाशा झाल्या आहेत. दुर्बिणीला फिल्टर लावून त्यांपैकी काही वस्तू पुन्हा कशा पाहता येतात, कोणता फिल्टर कशासाठी निवडावा आणि फिल्टरची मर्यादा कोणती, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी तुम्ही गच्चीवर जाऊन ईदचा चंद्र शोधला असेल. सूर्य मावळताच चंद्र दिसत नाही. सगळे जण पश्चिमेकडे टक लावून पाहत राहतात. पंधरा-वीस मिनिटे जातात. मग कोणीतरी बोट दाखवते आणि चंद्राची नाजूक कोर सर्वांना दिसते. या वीस मिनिटांत काय बदलले? चंद्राचे तेज वाढले का? नाही. चंद्र होता तसाच होता. त्याच्या मागचे आकाश काळोखे झाले, म्हणून तो दिसला. ही साधी गोष्ट नीट लक्षात ठेवा. आजच्या पाठाचा सारा अर्थ तिच्यात आहे.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहणाऱ्या मुलांना मात्र आकाश काळोखे होण्याची वाट कितीही वेळ पाहावी लागते. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती आहेत. दुकानांच्या पाट्या आहेत, रस्त्यावरचे दिवे आहेत, रात्रभर धावणाऱ्या ट्रकांचे दिवे आहेत. एका बाजूला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी असूनही वरचे आकाश काळे दिसत नाही, राखाडी दिसते. याचे कारण असे की, दिव्यांचा बराचसा प्रकाश वर जातो. हवेतील धूळ, धूर आणि बाष्प यांवर तो आदळतो आणि सगळीकडे पसरतो. यालाच प्रकाशप्रदूषण म्हणतात. २००१ साली जॉन बॉर्टल या अमेरिकन निरीक्षकाने आकाशाच्या काळोखाच्या नऊ पायऱ्या ठरवल्या. पहिली पायरी सर्वांत काळोख्या आकाशाची. मोठ्या शहरांचे आकाश आठव्या-नवव्या पायरीवर येते. अशा आकाशात सर्वांत आधी हरवतात ते तेजोमेघ.

तेजोमेघ म्हणजे काय? उर्दूत ज्याला आपण सहाबिया म्हणतो, तोच मराठीतला तेजोमेघ. दोन्ही शब्दांत ढग आहे. अरबीत ‘सहाब’ म्हणजे ढग आणि मराठीत ‘मेघ’ म्हणजेही ढग. तारे हे ठिपक्यांसारखे दिसतात, पण तेजोमेघ हा ढगासारखा पसरलेला, पुसट दिसतो. इसवी सन ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अल-सूफी या विद्वानाने ताऱ्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात देवयानी तारकासमूहातील एका ‘छोट्या ढगाची’ नोंद आहे. त्यांच्याजवळ दुर्बीण नव्हती, पण त्यांचे आकाश काळोखे होते. हा ढग खरे तर लक्षावधी प्रकाशवर्षे दूर असलेली ताऱ्यांची दीर्घिका आहे, हे माणसाला विसाव्या शतकात कळले. या ढगाकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत.

आता खऱ्या तेजोमेघाची ओळख करून घेऊ. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. बरेच वर मृग नक्षत्र दिसेल. एका ओळीत असलेले त्याचे तीन तारे घोडबंदर रोडवरूनही ओळखता येतात. या तीन ताऱ्यांच्या खाली मृगातील तेजोमेघ आहे. तो आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. तेथे वायूच्या ढगात नवे तारे जन्म घेत आहेत. त्या तरुण, तापलेल्या ताऱ्यांच्या किरणांनी वायू उजळतो आणि स्वतः प्रकाश देऊ लागतो.

हा प्रकाश ताऱ्यांच्या प्रकाशापेक्षा वेगळा असतो. ते कसे कळले, याची गोष्ट मजेदार आहे. तुम्ही प्रयोगशाळेत लोलकातून सूर्यप्रकाश पाहिला असेल. त्याचा तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टा दिसतो. १८६४ साली विल्यम हगिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने एका तेजोमेघाचा प्रकाश असाच फोडून पाहिला. त्याला सलग पट्टा दिसला नाही. काळ्या पार्श्वभूमीवर फक्त काही उजळ रेषा दिसल्या. त्यांतील हिरवट रेषा कोणत्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेनात. तेव्हा शास्त्रज्ञांनी मानले की, हे एखादे नवेच मूलद्रव्य असावे. त्याला ‘नेब्युलियम’ असे नावही देऊन टाकले! साठांहून अधिक वर्षे हे कोडे सुटले नाही. १९२७ साली आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते सोडवले. त्या रेषा नव्या मूलद्रव्याच्या नव्हत्या. आपण श्वासावाटे घेतो त्या ऑक्सिजनच्याच त्या रेषा होत्या. तेजोमेघातील वायू अतिशय विरळ असतो. तेथे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनचा अणू असा हिरवट प्रकाश देतो.

प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीवरून ठरतो. ही लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. ऑक्सिजनच्या या दोन रेषा ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरवर आहेत. हायड्रोजनची एक निळसर रेषा ४८६.१ वर आणि एक तांबडी रेषा ६५६.३ वर आहे. अंधाराला सरावलेला आपला डोळा सुमारे ५०७ नॅनोमीटरच्या प्रकाशाला सर्वांत चांगला प्रतिसाद देतो. म्हणजे ऑक्सिजनच्या रेषा नेमक्या डोळ्याला सोयीच्या जागी आल्या आहेत. तांबडा प्रकाश मात्र रात्री डोळ्याला फारसा जाणवत नाही. म्हणून छायाचित्रात लालभडक दिसणारा तेजोमेघ दुर्बिणीतून राखाडी किंवा किंचित हिरवट दिसतो. तो तसा दिसला तर निराश होऊ नका. तुमची दुर्बीण बिघडलेली नाही.

तेजोमेघाचा प्रकाश कोठे असतो, हे कळले. आता रस्त्यावरच्या दिव्यांचा प्रकाश कोठे असतो, ते पाहू. पाऱ्याच्या वाफेच्या जुन्या दिव्यांचा प्रकाश मुख्यतः ४३६, ५४६ आणि ५७८ नॅनोमीटरच्या आसपास असे. पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश ५८९ च्या आजूबाजूला असे. या जागा तेजोमेघाच्या रेषांपासून दूर आहेत. म्हणून तेवढाच प्रकाश अडवला की बरेच काम होई. पुढे दिवे बदलले. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारचा राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम सुरू झाला आणि शहराशहरांतून पांढरे एलईडी दिवे लागले. त्यांनी विजेची मोठी बचत होते. पण त्यांचा प्रकाश एका जागी नसतो. निळ्यापासून तांबड्यापर्यंत तो सगळीकडे पसरलेला असतो. त्यामुळे दिव्याचा प्रकाश तेवढा वेगळा काढणे आता पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे.

येथे फिल्टर कामाला येतो. चहाची गाळणी तुम्ही रोज पाहता. ती चहा खाली सोडते आणि चोथा अडवते. दुर्बिणीचा फिल्टर ही प्रकाशाची गाळणी आहे. काचेच्या चकतीवर अतिशय पातळ थर एकावर एक दिलेले असतात. ते ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पुढे जाऊ देतात आणि बाकीचा परत फेकतात. ही चकती नेत्रिकेच्या, म्हणजे आयपीसच्या, खालच्या तोंडाला फिरवून बसवतात. लक्षात ठेवा, गाळणी चहा वाढवत नाही. तसाच फिल्टरही तेजोमेघाचा प्रकाश वाढवत नाही. तो फक्त मागचे आकाश काळोखे करतो.

असे फिल्टर मुख्यतः चार प्रकारचे असतात.

पहिला रुंद पट्ट्याचा फिल्टर. तो जुन्या दिव्यांच्या जागा अडवतो आणि बाकीचा बराच प्रकाश जाऊ देतो. सोडियम दिव्यांच्या काळात तो उपयोगी होता. एलईडी दिव्यांच्या शहरात त्याचा फायदा फार थोडा होतो.

दुसरा अरुंद पट्ट्याचा फिल्टर. बाजारात तो यूएचसी या नावाने मिळतो. ऑक्सिजनच्या दोन्ही रेषा आणि हायड्रोजनची निळसर रेषा एवढेच तो जाऊ देतो. त्याचा पट्टा सुमारे २५ नॅनोमीटर रुंद असतो. आता थोडे गणित करू. डोळ्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे ३०० नॅनोमीटर रुंद आहे. ३०० ला २५ ने भागले तर उत्तर १२ येते. म्हणजे सगळीकडे सारखा पसरलेला पांढरा प्रकाश या फिल्टरमधून साधारण बाराव्या हिश्शाएवढाच जातो. तेजोमेघाच्या या तीन रेषा मात्र जवळजवळ पूर्ण जातात. दिवे एलईडीचे असले तरी हा फिल्टर उपयोगी का पडतो, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

तिसरा ओ-थ्री फिल्टर. हा फक्त ऑक्सिजनच्या दोन रेषा जाऊ देतो. त्यामुळे आकाश आणखी काळे होते. अभिजित ताऱ्याजवळील कंकणाकृती तेजोमेघासारख्या वस्तूंसाठी तो चांगला. मरणपंथाला लागलेल्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूचे ते कडे आहे. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी ते वायव्येकडे पाहता येते. पण ओ-थ्री फिल्टरमधून तारेही फार मंद होतात. लहान दुर्बिणीत सगळेच इतके अंधारते की नवशिक्या गोंधळून जातो.

चौथा एच-बीटा फिल्टर. हा हायड्रोजनची निळसर रेषा तेवढीच सोडतो. मृगातील अश्वमुख तेजोमेघासारख्या अगदी मोजक्या वस्तूंसाठी तो लागतो. त्यासाठी मोठी दुर्बीण आणि काळोखे आकाश दोन्ही हवे. शहरात त्याचा उपयोग नाही.

समजा, तुमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाजवळ सहा इंची दुर्बीण आहे आणि वर्गणीतून एकाच फिल्टरचे पैसे जमले आहेत. कोणता घ्याल? नाव पाहून घेऊ नका. ‘प्रदूषणविरोधी’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेला फिल्टर स्वस्त मिळेल, पण तो बहुधा रुंद पट्ट्याचाच निघेल. फिल्टरसोबत दिलेला आलेख मागा. ४८६ ते ५०१ नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश जवळजवळ पूर्ण जातो का, आणि ५२० ते ६०० पर्यंतचा पूर्ण अडतो का, एवढे दोन प्रश्न विचारा. दोन्ही उत्तरे ‘होय’ असतील तर तो यूएचसी जातीचा फिल्टर आहे. पहिला फिल्टर तोच घ्यावा. तो सर्वांत जास्त तेजोमेघांना चालतो आणि लहान दुर्बिणीलाही मानवतो. ओ-थ्री नंतर घेता येईल. विकत घेण्यापूर्वी आपल्या नेत्रिकेचे माप पाहा. ते सव्वा इंच किंवा दोन इंच असते. त्याच मापाचा फिल्टर बसतो.

फिल्टर लावल्यावर दुर्बिणीची वर्धनक्षमता कमी ठेवावी. ७५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली तर वस्तू ३० पट मोठी दिसते. १० मिलिमीटरची लावली तर ७५ पट मोठी दिसते. पण वस्तू जितकी मोठी कराल तितका तिचा प्रकाश पातळ पसरतो. फिल्टरने आधीच प्रकाश कमी केलेला असतो. म्हणून मृगातील पसरट तेजोमेघासाठी ३० पट पुरे. कंकणाकृती तेजोमेघ अगदी लहान असतो, म्हणून त्याला ७५ पट चालते.

आता प्रत्यक्ष पाहण्याची रीत. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा, कारण चंद्रप्रकाश हेही एक प्रदूषणच आहे. घरच्या मोठ्या माणसांना बरोबर घेऊन इमारतीच्या गच्चीवर जा. कठड्याला टेकू नका. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, जेथे एकही दिवा थेट डोळ्यांवर येत नाही, अशी जागा शोधा. वीस-तीस मिनिटे डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. त्या काळात मोबाइल पाहू नका. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. दुर्बिणीतून पाहताना डोक्यावर काळे कापड घ्या. मग फिल्टर बोटांच्या चिमटीत कडेने धरून डोळा आणि नेत्रिका यांच्यामध्ये आत-बाहेर करा. फिल्टर आत आला की तारे मंदावतात आणि तेजोमेघाचे पंख पसरल्यासारखे वाटतात. बाहेर गेला की ते पुन्हा राखाडी उजेडात बुडतात. हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की फिल्टर म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. अंधार हवा म्हणून येऊरच्या जंगलात मात्र रात्री जाऊ नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे. ते बिबट्याचे घर आहे.

आता फिल्टरची मर्यादा ऐका. अल-सूफी यांनी पाहिलेला देवयानीतील ढग फिल्टरने सुधारत नाही. तो ताऱ्यांचा समूह आहे आणि ताऱ्यांचा प्रकाश दिव्यांच्या प्रकाशासारखाच सगळीकडे पसरलेला असतो. गाळणी त्या दोघांत फरक करू शकत नाही. कृत्तिकांभोवतीचा मेघ ताऱ्यांच्या उसन्या प्रकाशाने चमकतो. त्यालाही हा फिल्टर लागू पडत नाही. ज्या मेघाचा प्रकाश स्वतःचा आहे, त्यालाच फिल्टरची मदत होते. आणखी एक महत्त्वाची सूचना : या फिल्टरमधून सूर्याकडे कधीही पाहू नका. डोळे कायमचे जातील. सूर्यासाठी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर लावायचा फिल्टर पूर्णपणे वेगळा असतो.

मग बाकीच्या आकाशाचे काय? त्यासाठी एकच उपाय आहे, तो म्हणजे काळोख. मुंबई-ठाण्याचे आकाशप्रेमी वर्षानुवर्षे कर्जतच्या लोकलने बदलापूरच्या पुढे वांगणीला जात आले आहेत. खगोल मंडळासारख्या संस्था तेथे रात्रभर आकाशदर्शन घडवत आल्या आहेत. आता तिकडेही वस्ती आणि दिवे वाढत आहेत. माणूस काळोख शोधत पुढे जातो आणि उजेड त्याच्या मागोमाग येतो.

पण उजेडाला आवर घालता येतो, हे आपल्याच राज्याने दाखवले आहे. जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतील दिवे बदलून खाली प्रकाश पाडणारे दिवे लावण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. रस्ते उजळच राहिले. आकाशात वाया जाणारा प्रकाश तेवढा थांबला.

घोडबंदर रोडचे पेंच होणार नाही. तेथे माणसे राहतात आणि त्यांना रात्री सुरक्षित चालायला उजेड हवा. पण जो दिवा रस्त्याऐवजी आकाश उजळतो, त्याचा उपयोग ना चालणाऱ्याला, ना पाहणाऱ्याला. शाळेच्या फाटकावरच्या दिव्याला पत्र्याची टोपी बसवायला फिल्टरइतके पैसे लागत नाहीत. फिल्टर एका वेळी एकाच डोळ्याला काळोख देतो. दिव्यावरची टोपी साऱ्या मोहल्ल्याला देते. म्हणून मुलांनो, फिल्टर जरूर घ्या, तो नीट पारखून घ्या, आणि टोपी विसरू नका.

शब्दार्थ

तेजोमेघ : आकाशातील चमकणारा वायूचा ढग (उर्दू : सहाबिया)
दीर्घिका : अब्जावधी ताऱ्यांचा समूह (उर्दू : कहकशाँ)
गाळणी : गाळण्याचे साधन (उर्दू : छलनी)
नेत्रिका : दुर्बिणीत डोळ्याजवळ असणारे भिंग
तरंगलांबी : प्रकाशाच्या एका लाटेची लांबी
विरळ : पातळ, दाट नसलेला
पारखणे : नीट तपासून घेणे
टक लावून पाहणे : एकाच ठिकाणी नजर स्थिर ठेवून पाहणे
आवर घालणे : ताब्यात ठेवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तेजोमेघातील हिरवट रेषा कोणत्या मूलद्रव्याच्या आहेत?
(आ) अंधाराला सरावलेल्या डोळ्याला कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश सर्वांत चांगला जाणवतो?
(इ) भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ कोठे आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) तेजोमेघ छायाचित्रात लाल, पण दुर्बिणीतून राखाडी दिसतो.
(आ) देवयानीतील दीर्घिका फिल्टर लावूनही अधिक चांगली दिसत नाही.
(इ) एलईडी दिव्यांच्या शहरात रुंद पट्ट्याचा फिल्टर फारसा उपयोगी नाही.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ईदच्या चंद्राच्या उदाहरणावरून फिल्टरचे कार्य स्पष्ट करा.
(आ) ‘फिल्टर एका वेळी एकाच डोळ्याला काळोख देतो, दिव्यावरची टोपी साऱ्या मोहल्ल्याला देते.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

प्र. ४. उदाहरण सोडवा.
ओ-थ्री फिल्टरचा पट्टा १२ नॅनोमीटर रुंद आहे असे समजा. सगळीकडे सारखा पसरलेला ३०० नॅनोमीटर रुंद पांढरा प्रकाश त्यातून किती हिस्सा जाईल?

भाषाभ्यास
(अ) तेजः + मेघ = तेजोमेघ. मनः + रंजन = मनोरंजन. याप्रमाणे ‘मनः + बल’ आणि ‘तपः + वन’ यांचा संधी करा.
(आ) ‘दुर्बीण’ हा मराठी शब्द फारसीतील ‘दूरबीन’ या शब्दावरून आला आहे. पाठातून किंवा रोजच्या बोलण्यातून मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम
चंद्र नसलेल्या रात्री आपल्या इमारतीच्या गच्चीवरून मृग नक्षत्रातील किती तारे दिसतात ते मोजा. सुट्टीत गावी गेल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वर्गात सांगा आणि फरकाचे कारण लिहा.